कारखान्याचं पर्यावरण परमिट आणि प्रदूषणाचा कारभार: लोक परत परत विचारतात ते प्रश्न

परमिटची कामं करताना तेच तेच प्रश्न येतात, कधी कारखानदाराकडून, कधी नव्याने जॉइन झालेल्या एन्व्हायर्नमेंट ऑफिसरकडून, कधी कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाकडून. दर वेळी फोनवर तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, हवा तो प्रश्न वाचा.

पर्यावरण परमिट म्हणजे एनओसीच ना? एकदा घेतली की झालं?

नाही हो. एनओसी म्हणजे "आमची हरकत नाही" एवढंच, आणि परमिट म्हणजे अटींची यादी. किती माल बनवणार, किती पाणी घेणार, किती सांडपाणी कुठे सोडणार, चिमणी किती उंच, तिच्यातून तासाला काय आणि किती बाहेर पडणार, स्लज (सांडपाणी साफ केल्यावर उरणारा गाळ) कुणाला देणार, हे सगळं त्यात असतं आणि रोज पाळायचं असतं. बऱ्याच ऑफिसात ते फ्रेम करून भिंतीवर लावलेलं दिसतं, आणि खाली ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर, काम करणाऱ्या ऑपरेटरने ते कधी वाचलेलं नसतं. माझ्या मते अर्धी अडचण इथेच आहे. ज्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे त्याला अट माहीत नाही आणि ज्याला अट माहीत आहे तो व्हॉल्व्हजवळ कधी जात नाही.

ही भानगड सुरू कधी झाली?

फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये धुण्याचा सोडा बनवणारे कारखाने लेब्लांक पद्धत वापरायचे, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघायचा आणि आजूबाजूची झाडं, पिकं करपून जायची. १८६३ साली अल्कली ॲक्ट आला आणि त्यात साधी अट होती, या ॲसिडपैकी किमान ९५ टक्के कारखान्यातच अडवा. पहिले मुख्य इन्स्पेक्टर रॉबर्ट अँगस स्मिथ, स्वतः केमिस्ट माणूस, ॲसिड रेन हा शब्दसुद्धा त्यांचाच. ते नुसते दंड ठोकत फिरले नाहीत, टॉवरमध्ये पाणी कसं सोडायचं, धूर कुठे निसटतो हे कारखान्यात जाऊन दाखवायचे. पण लवकरच लक्षात आलं की टक्केवारी फसवी असते, कारण उत्पादन वाढलं की उरलेले ५ टक्केही वाढतात. म्हणून १८७४ मध्ये दुरुस्ती करून धुरात प्रति घनफूट किती ॲसिड चालेल याचा आकडा घातला आणि जमेल तेवढे चांगले उपाय वापरायची सक्ती केली. दीडशे वर्षं झाली आणि आजही आपण त्याच दोन गोष्टींवर भांडतोय, आकडा किती आणि उपाय कोणता.

परमिट मिळायला एवढा वेळ का लागतो? फाइल मुद्दाम दाबून ठेवतात का?

कधी ठेवतातही, ते नाकारत नाही. पण मी पाहिलेल्या फायलींपैकी बऱ्याचशा अर्जातल्याच चुकांनी अडकल्या होत्या. एक अर्ज आठवतो, चार वेळा परत आला. मालक म्हणे साहेब मुद्दाम त्रास देतायत. मी फाइल उघडली तर उत्पादनाचे तीन वेगवेगळे आकडे, अर्जात महिन्याला ४०० टन, प्रकल्प अहवालात ४५०, आणि सांडपाण्याचा हिशोब केलेला ३०० टनांवर. तिघांनी तीन वेळा तीन फायलींतून कॉपी पेस्ट केलं होतं. आता तिकडे टेबलावर बसलेल्या माणसाने कुठला आकडा धरायचा?

दुसरं म्हणजे पाण्याचा ताळेबंद. कारखाना दिवसाला ३०० घनमीटर पाणी घेतो आणि १२० सोडतो असं लिहिलेलं असतं, मधले १८० कुठे गेले याचा पत्ता नाही. कुलिंग टॉवरमधून वाफ झाली ९०, मालात गेलं ३०, बगिचाला ३०, ठीक, पण मग उरलेले ३०? हा प्रश्न विचारला की अर्ज परत, दीड महिना गेला, मग उत्तर आलं की तोवर तपासणाऱ्याची बदली झालेली, नवीन माणूस पहिल्यापासून वाचायला बसणार. म्हणून अर्ज टाकायच्या आधी तासभर बसून बोलायची सोय असेल तर ती नक्की वापरा, प्री-ॲप्लिकेशन मीटिंग म्हणतात तिला, त्यात काय काय लागणार आणि कुठला सर्व्हे कुठल्या सीझनमध्ये करावा लागणार हे आधीच कळतं. पावसाळा हुकला आणि पावसाळ्यातला डेटा लागणार असेल तर वर्ष गेलंच समजा.

मग वेळेची मर्यादा घातली की प्रश्न सुटेल ना? ३० दिवसांत उत्तर नाही तर परमिट मिळालं असं धरायचं.

ऐकायला छान वाटतं. भारताच्या १९७४ च्या वॉटर ॲक्टमध्ये अशी तरतूद आहेच, पूर्ण अर्ज दिल्यावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती (आपल्याकडे परमिटला हेच म्हणतात) मिळाली असं मानलं जातं. पण अशा परमिटात तुमच्या प्लांटसाठी विचार करून घातलेली एकही अट नसते, उद्या शेजारचा कोर्टात गेला तर तुमच्या हातात दाखवायला फारसं काही नाही. आणि मुदत कडक केली की तपासणारा शेवटच्या दिवशी एक फालतू शंका काढून घड्याळ थांबवतो, हे सगळीकडे चालतं.

अमेरिकेत मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरण परिणाम अहवाल पूर्ण व्हायला सरासरी साडेचार वर्षं लागत होती, २०१० ते २०१८ मधल्या अहवालांचा तिथल्या सरकारचाच हिशोब आहे. २०२३ मध्ये कायदा बदलून दोन वर्षांची मुदत आणि १५० पानांची मर्यादा घातली, फारच गुंतागुंतीचं असेल तर ३०० पानं. पानांची मर्यादा मला मनापासून पटते, कारण जाडजूड अहवालात अर्धं पुस्तकातून उचललेलं असतं, तिथल्या पक्ष्यांची यादी सुद्धा कधी कधी दुसऱ्याच जिल्ह्यातली निघते. पण तपासणारी माणसं तेवढीच ठेवून नुसती मुदत कमी केली तर तपासणी पातळ होते, दुसरं काय होणार.

हवेचं वेगळं, पाण्याचं वेगळं, कचऱ्याचं वेगळं परमिट का? एकच का देत नाहीत?

द्यायलाच हवं आणि बऱ्याच ठिकाणी देतात. युरोपात १९९६ पासून एकत्रित परमिटची पद्धत आहे, तोच विचार पुढे २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात आला. कारण नुसती ऑफिसची सोय नाही. चिमणीवर स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारं यंत्र, बसवला की हवेतलं ॲसिड पाण्यात येतं. ते पाणी ईटीपीत चुन्याने न्यूट्रल केलं की त्याचा स्लज होतो. हवेचा विभाग म्हणतो शाब्बास, पाण्याचा विभाग म्हणतो क्षार वाढले, आणि स्लज तर कुणाच्याच फायलीत नसतो, तो कंपाउंडच्या मागे ताडपत्रीखाली पडलेला असतो. तीन खाती तीन परमिट देतात तेव्हा प्रदूषण या खिशातून त्या खिशात जातं, कमी काही होत नाही. चीननेही आधी विखुरलेली पद्धत एका परमिटवर आणायला घेतली आणि त्याचा नियम १ मार्च २०२१ पासून लागू केला.

आमचं छोटं युनिट आहे, आम्हालाही मोठ्या केमिकल प्लांटसारखेच कागद का?

नसावेत. सगळ्यांना सारखं वागवलं की खरा धोका जिथे आहे तिथे लक्ष द्यायला माणूसच उरत नाही. चीनमध्ये तीन पायऱ्या आहेत, मोठ्यांना पूर्ण परमिट, मधल्यांना सोपं परमिट आणि अगदी किरकोळ प्रदूषण असलेल्यांना फक्त ऑनलाइन नोंदणी. भारतात २०१६ मध्ये प्रत्येक उद्योगप्रकाराला ० ते १०० असा प्रदूषण निर्देशांक देऊन रंग ठरवले, ६० आणि वर लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा, २० पर्यंत पांढरा, आणि पांढऱ्यांना संमती घ्यायचीच गरज नाही, कळवलं की पुरे. पुढे त्यात बदल झाले पण विचार तोच.

एक सावध करतो, छोटं म्हणजे कमी घातक असं नाही. चार माणसांचं प्लेटिंग शॉप, म्हणजे धातूवर मुलामा चढवणारं युनिट, दिवसाला दोन टँकर पाणी सोडत असेल, पण त्यात क्रोमियम आणि सायनाइड असेल तर बिस्किटाच्या मोठ्या फॅक्टरीपेक्षा ते भारी पडतं. त्यामुळे रंग ठरवताना आकार नाही, काय वापरता ते बघायला हवं.

लिमिटचे आकडे कुठून येतात? कुणीतरी एसीत बसून लिहितं का?

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नदी किंवा हवा किती सहन करेल ते बघून मागे हिशोब करत यायचं. दुसरा म्हणजे त्या धंद्यात आज चालू असलेलं, परवडणारं सगळ्यात चांगलं तंत्र काय देतं ते बघून आकडा ठरवायचा. युरोपात हा दुसरा रस्ता धरतात, उद्योग, सरकारं आणि पर्यावरण संस्था एकत्र बसून प्रत्येक क्षेत्राचा संदर्भग्रंथ बनवतात, त्यातले निष्कर्ष छापून आले की चार वर्षांच्या आत त्या क्षेत्रातली परमिटं तपासून अपडेट करावी लागतात. मला ही पद्धत आवडते कारण कारखानदाराला पुढे काय येणार ते आधी दिसतं, बजेट करता येतं.

आता आकड्यांमधली खरी मेख सांगतो. समजा सांडपाण्याचं लिमिट सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल याचं रासायनिक माप) २५० मिलीग्रॅम प्रति लिटर आहे आणि तुम्ही दिवसाला ५०० घनमीटर सोडता, म्हणजे दिवसाला १२५ किलो. आता त्यातच बोअरचं ५०० घनमीटर स्वच्छ पाणी मिसळा. सीओडी दिसेल १२५, लॅब रिपोर्ट एकदम झकास, पण नदीत गेले तेच १२५ किलो आणि वर चांगलं पाणी वाया गेलं. म्हणून परमिटात लिटरमागे किती मिलीग्रॅम आणि दिवसाला किती किलो हे दोन्ही असायला हवेत, नुसता मिलीग्रॅमचा आकडा असलेलं परमिट म्हणजे पाणी मिसळायला दिलेलं आमंत्रण.

चिमणीचंही तेच. बॉयलरच्या धुरात कुठूनतरी बाहेरची हवा शिरली, डक्टला भोक असेल तरी, की धूळ विरळ दिसते. म्हणून रिडिंग ठरावीक ऑक्सिजनवर आणून बघतात, कोळशाला बऱ्याच ठिकाणी ६ टक्के धरतात. तुमच्या चिमणीत ऑक्सिजन १२ टक्के आहे आणि धूळ १२० मिळाली, तर हवेतल्या ऑक्सिजनच्या २१ टक्क्यांमधून ६ वजा केले १५, २१ मधून १२ वजा केले ९, १५ भागिले ९, म्हणजे १२० चे झाले २००. लिमिट १५० असेल तर पास झालेला रिपोर्ट एका भागाकारात नापास. मी कित्येक रिपोर्ट पाहिलेत ज्यात ऑक्सिजनचा रकानाच नाही.

ऑनलाइन मॉनिटर बसवला की मग सगळं आपोआप कळेल ना?

मॉनिटर खरं बोलेल अशी व्यवस्था केली तरच. एका ठिकाणी रात्री अकरा ते पहाटे पाच पीएच रोज ७.२ यायचा, सरळ रेष, जराही हलायचा नाही. खरं सांडपाणी कधी इतकं शांत नसतं. जाऊन बघितलं तर प्रोब, म्हणजे पीएच मोजणारी कांडी, काढून नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवलेला. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "सर, रात्री मॅनेजर साहेबांना अलार्मचे मेसेज जातात, झोपमोड होते." त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने त्याला सांगितलेलं काम चोख केलं होतं.

म्हणजे डेटा आला एवढ्याने काही होत नाही, डेटा कसा दिसतो ते बघणारं कुणीतरी हवं. सपाट रेष, लिमिटच्या बरोब्बर खाली चिकटलेले आकडे, वीज गेलेली असतानाही चालू असलेला फ्लोमीटर, पाणी तेवढंच बाहेर गेलं पण ईटीपीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं विजेचं बिल मात्र कमी, हे सगळं एखादा बारका प्रोग्रॅमसुद्धा पकडू शकतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइड सोडायच्या परवान्यांच्या खरेदी विक्रीचा बाजार सुरू झाला तेव्हा सतत मोजणारी यंत्रं सक्तीची केली आणि एक हुशार नियम ठेवला, यंत्र बंद पडलं तर त्या तासांसाठी वरचा आकडा धरायचा, आणि यंत्र जितकं जास्त बंद राहील तितका आकडा आणखी चढा. यंत्र बंद ठेवणं महागात पडायला लागलं की मेकॅनिक बरोबर वेळेवर येतो.

आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय ना याची नियमित तपासणी, विसरू नका. मशीन घेताना लाखोंचं कोटेशन मंजूर होतं पण वर्षभराचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट मंजूर होत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

लॅबचं सॅम्पल तरी खरं असतं का?

कसं घेतलं त्यावर. चिमणीतली धूळ मोजताना नळीतून हवा ज्या वेगाने ओढता तो वेग धुराच्या वेगाइतकाच लागतो. जास्त जोरात ओढलं तर मोठे कण वळू शकत नाहीत, सरळ निघून जातात आणि धूळ कमी दिसते. पाण्याचंही, दुपारी बारा वाजता एक बाटली भरली तर ती त्या मिनिटाची गोष्ट सांगते, रात्री रिॲक्टर (रसायन बनवायचं भांडं) धुतला त्याची नाही. त्यासाठी २४ तासांचं कंपोझिट सॅम्पल घ्या, म्हणजे दिवसभर थोडं थोडं घेऊन एकत्र केलेलं. आणि बीओडीवर (जीवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात याचं माप) प्लांट चालवायला जाऊ नका, रिझल्ट यायला तीन ते पाच दिवस, तोवर ते पाणी कुठच्या कुठे पोचलेलं असतं. सीओडी दोन तास उकळून त्याच दिवशी हातात येतो, रोजचं त्यावर चालवा.

बाहेरचा ऑडिटर नेमला तर? तो तरी खरं सांगेल.

ऑडिटरला पैसे कोण देतो ते आधी सांगा. ऑडिटर निवडायचा कारखान्याने, पैसे कारखान्याने द्यायचे आणि त्याने कारखान्याविरुद्ध लिहायचं, म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोरानेच आपला पेपर तपासणारा निवडायचा. गुजरातमध्ये यावर मोठा प्रयोग झाला, अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर केलेला, निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या रिपोर्टप्रमाणे फक्त ७ टक्के कारखाने धुळीचं लिमिट ओलांडत होते, आणि परत जाऊन स्वतंत्रपणे मोजलं तर ५९ टक्के. रिपोर्टमधले आकडे लिमिटच्या जरा खाली गर्दी करून बसलेले.

मग त्यांनी काय केलं, तर ऑडिटर चिठ्ठी टाकून ठरवला, पैसे एका सामाईक फंडातून ठरलेल्या दराने दिले, आणि काही कारखान्यांत अचानक दुसऱ्याला पाठवून परत मोजून घेतलं. खोटं पास करायचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याकडे असा ऑडिटर आला त्या कारखान्यांनी प्रदूषण खरोखर कमी केलं. कायदा तोच, लिमिट तेच, माणसंही बरीचशी तीच, फक्त पैशाचा रस्ता बदलला. प्रदूषणाच्या कारभारात काय सुधारायचं असं कुणी मला एका वाक्यात विचारलं तर मी हेच सांगतो, आधी आकडा खरा करा, बाकी सगळं नंतर.

इन्स्पेक्शन किती वेळा व्हावं?

धोक्याप्रमाणे. युरोपात जास्त धोक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तरी, कमी धोक्याच्या ठिकाणी तीन वर्षांतून एकदा, आणि गंभीर गडबड सापडली तर सहा महिन्यांत परत फेरी. तारीख आधी सांगून केलेल्या इन्स्पेक्शनला मी धरतच नाही, त्या दिवशी सगळीकडे नवीन रंग आणि नवीन बोर्ड.

दंड वाढवले की लोक सरळ येतील का?

दंड केवढा यापेक्षा तो बसेल याची खात्री किती, यावर जास्त आहे. वर्षातून एकदा नशीब खराब असलं तर बसणारा मोठा दंड लोक खर्चात धरून चालतात. शिवाय एकच शिक्षा असली, प्लांट बंद, तर अधिकारी ती वापरायला कचरतो कारण तीनशे माणसांची रोजी जाते, मग काहीच होत नाही. लेखी सूचना, मग रोजचा दंड, मग एखादी लाइन बंद, मग सगळं बंद, अशा पायऱ्या असल्या की पहिली पायरी तरी बिनधास्त वापरली जाते. ईटीपी न चालवून जेवढे पैसे वाचले तेवढे आधी काढून घ्यायचे आणि दंड त्याच्या वर, हे तत्त्व ठेवलं तर हिशोब बसतो. युरोपच्या २०२४ च्या दुरुस्तीत तर सगळ्यात गंभीर गुन्ह्यांसाठी वरची दंडमर्यादा कंपनीच्या युरोपातल्या वार्षिक उलाढालीच्या किमान ३ टक्के ठेवायला सांगितलंय, तिथे मग डायरेक्टर लोक स्वतः वाचतात परमिट.

आमचे आकडे लोकांसमोर का ठेवायचे? स्पर्धक फायदा घेतील.

फॉर्म्युला नका ठेवू, पण चिमणीतून काय बाहेर पडतं ते शेजाऱ्याच्या नाकात जातं, त्यात गुपित कसलं? डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं, त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेने कारखान्यांना विषारी पदार्थांचे आकडे दर वर्षी जाहीर करायला लावले. आकडे छापून आल्यावर कित्येक कंपन्यांच्या वरच्या लोकांनाच पहिल्यांदा कळलं की आपण एवढं सोडतोय.

इंडोनेशियाने १९९५ मध्ये याहून सोपं केलं, रंग. सोनेरी, हिरवा, निळा, लाल, काळा. पहिल्यांदा फक्त चांगल्यांची नावं जाहीर केली आणि लाल, काळ्यांना खाजगीत कळवून सहा महिने दिले. तेवढ्यातच बरेच जण सुधारले. चारचौघांत काळा रंग कुणाला हवाय. मला यातली मुदत देण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते, सरळ बदनामी केली असती तर सगळे वकील घेऊन उभे राहिले असते.

बाजार पद्धत, म्हणजे प्रदूषणाची खरेदी विक्री, हे बरोबर आहे का?

काही प्रदूषकांसाठी. सुरतेत २०१९ पासून धुळीच्या कणांसाठी असा बाजार चालवून बघितला, जवळपास ३०० कारखाने, आणि त्यात असलेल्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. पण पारा, शिसं किंवा वास येणारं काही असलं तर नको, कारण तिकडे कमी झालं म्हणून इकडच्या माणसाला काही फायदा नाही. आणि परत तेच, मोजमाप खोटं असेल तर बाजारात खोटाच माल विकला जातो.

ईटीपीवर एवढा खर्च केला तरी लिमिट येत नाही, काय करू?

मोठी ईटीपी घ्यायच्या आधी आत जा. पाणी घाण होतं तिथे बघा, बाहेर पडतं तिथे नको. प्लेटिंगमध्ये जॉब (मुलामा द्यायची वस्तू) बाथमधून, म्हणजे केमिकलच्या टाकीतून, काढल्यावर घाईने उचलून वाहत्या पाण्यात बुडवतात, सोबत बाथचं महागडं केमिकल थेंब थेंब जातं. तोच जॉब टाकीवर पंधरा वीस सेकंद निथळू दिला, आणि एका वाहत्या टाकीऐवजी दोन टाक्या उलट्या क्रमाने लावल्या, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तेच पुढे पहिल्या टाकीत, तर तेवढ्याच धुलाईला लागणारं पाणी ९० टक्क्यांहून जास्त कमी होऊ शकतं. दोन टाक्या आणि एक पाइप. कन्सल्टंटला यात कमिशन नाही म्हणून हे कुणी सांगत नाही, मी पण कन्सल्टंटच आहे तरी सांगतोय.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे इक्वलायझेशन टँक, जिथे दिवसभराचं पाणी एकत्र करून एकसारखं करतात, तो लहान किंवा गाळाने भरलेला. सकाळी ॲसिडचं पाणी, दुपारी अल्कलीचं, संध्याकाळी एकदम गरम. बायोलॉजिकल टाकीतले जीवाणू सुद्धा जीवच आहेत, त्यांना रोज असे झटके दिले तर ते मरणार, मग तुम्ही कुठल्यातरी पावडरची पोती ओतणार. आधी टँकमधला गाळ काढा, काही ठिकाणी तेवढ्यानेच काम झालेलं पाहिलंय.

चुकून काही सांडलं, ईटीपी बंद पडली, तर कळवायचं की गप्प राहायचं?

कळवायचं, लगेच, आणि किती वाजता काय झालं ते लिहून. परमिटात बहुतेक वेळा तशी अटच असते. स्वतःहून सांगितलेल्या गडबडीला नरम वागणूक द्यायची पद्धत नियम बनवणाऱ्यांनीही ठेवायला हवी, नाहीतर सांगणाऱ्यालाच पहिली नोटीस जाते आणि पुढच्या वेळी तो शहाणा होतो. प्लांट चालू करताना आणि बंद करताना आकडे वर जातातच, त्यासाठी परमिटात वेगळ्या अटी मागून घ्या, लपवत बसू नका.

नवीन मशीन बसवतोय, परमिट बदलावं लागेल?

मशीन बदललं पण कच्चा माल, उत्पादन आणि बाहेर पडणारं सगळं तेच असेल तर सहसा कळवणं पुरतं. यातलं काहीही वाढलं किंवा नवीन केमिकल आलं तर बदलून घ्या, ऑर्डर द्यायच्या आधी. मशीन येऊन पडल्यावर अर्ज म्हणजे वरातीमागून घोडं. नूतनीकरणाचंही तसंच, अमेरिकेत सांडपाण्याचं परमिट पाच वर्षांचं असतं आणि संपायच्या १८० दिवस आधी अर्ज लागतो, वेळेत दिला तर निर्णय होईपर्यंत जुनं चालू राहतं. तुमच्याकडे जो नियम असेल ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.

परमिटच्या जनसुनावणीत लोक आरडाओरडा करतात, काही ऐकूनच घेत नाहीत.

त्यांना पहिल्यांदा त्या दिवशीच कळलेलं असतं म्हणून. जपानमध्ये योकोहामा शहराने १९६४ पासून कारखान्यांशी थेट करार करायला सुरुवात केली, कायद्यापेक्षा कडक अटी त्यात लिहून घेतल्या, आणि कंपन्यांनी त्या मान्य केल्या कारण नंतर रोजची भांडणं नकोत. तुम्ही सुनावणीच्या तीन महिने आधी जा, वारा कुठल्या दिशेने वाहतो ते तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो तुमच्या मॉडेलपेक्षा बरं सांगेल.

हे सगळं सांभाळायला वेगळा माणूस हवा का?

हवा. जपानने १९७१ मध्ये कायदाच केला की ठरावीक कारखान्यांत राष्ट्रीय परीक्षा पास झालेला प्रदूषण नियंत्रण मॅनेजर पाहिजे. आपल्याकडे ते काम स्टोअर, सेफ्टी आणि कँटीन सांभाळणाऱ्यालाच चिकटवतात आणि वर नोटीस आली की त्यालाच झापतात. त्या माणसाला प्लांट थांबवायचा अधिकार नसेल तर तो नुसता सही करणारा आहे.

बरं, मी उद्यापासून सुरुवात कुठून करू?

परमिटची एक झेरॉक्स घ्या, ड्रेनेजचा नकाशा घ्या आणि पाऊस पडत असताना कारखान्याभोवती एक चक्कर मारा, छत्री घेऊन. कुठल्या गटारीत काय रंगाचं पाणी येतंय ते नकाशावर पेनने लिहा. नकाशात नसलेला एक तरी पाइप सापडेल, मला तरी आजवर सापडला नाही असं झालेलं नाही.